येते म्हणायचं असतं

दाराशी चपला चढवता चढवता ती म्हणाली, "इश् गेहं," आणि दार ओढून घेऊन निघून गेली. तो ओट्याशी उभा होता, हातात चहाचा कप. कप बशीत ठेवायचा राहूनच गेला. तसं पाहिलं तर झालं काहीच नव्हतं. बायको कामावर गेली. रोज जाते. पर्स, डबा, किल्ली सगळं आठवणीने घेऊन गेली, गॅस बंद आहे ना ते बघून गेली, आणि जाताना दोन शब्द बोलून गेली. पण ते दोन शब्द काही भलतेच होते. म्हणजे व्याकरणाच्या दृष्टीने बरोबर, अगदी तंतोतंत बरोबर, आणि म्हणूनच ते त्याला खटकले. इतक्या वर्षांच्या संसारात ती "येते हं" म्हटल्याशिवाय कधी उंबऱ्याबाहेर पडली नव्हती. कडाक्याचं भांडण झालेलं असलं तरी म्हणायची, फक्त मग "हं" गाळायची. तो आंघोळीला गेलेला असला तर न्हाणीच्या दारावर टकटक करून म्हणायची, झोपलेला असला तर झोपलेल्या माणसाला सांगून जायची. जाते म्हणायचं नसतं, येते म्हणायचं असतं, हे काही कुठल्या पुस्तकात लिहिलेलं नाही. लहानपणी एखाद्या दिवशी तोंडातून "जातो" निघतं, घरातलं कुणीतरी डोळे वटारतं, आणि ते जन्मभरासाठी जिभेवर बसतं. आणि आज ती सरळ म्हणाली, मी जाते. आता परक्या भाषेत म्हणाली हे खरं. पण परक्या भाषेत माणूस उगीच बोलतो की मनातलं बोलतो, हे त्याला अजून नीटसं कळलेलं नव्हतं.

गंमत अशी की हे वाक्य तिला त्याच्यामुळेच मिळालं होतं. आदल्या संध्याकाळी वर्ग सुटला तेव्हा त्याने मोठ्या ऐटीत पिशवी खांद्याला लावली आणि बाईंना सांगितलं, "इश् कोमं." येतो. शिकवणाऱ्या बाई वयाने त्याच्या मुलीपेक्षा फार तर चार पावसाळे मोठ्या असतील. त्यांनी खडू खाली ठेवला आणि विचारलं, "कुठे येताय काका? तुम्ही तर निघालात." सगळा वर्ग खिदळला. तो म्हणाला, "निघालोय म्हणूनच येतो म्हणतोय. आपल्यात तसंच म्हणतात." बाई म्हणाल्या, "आपल्यात म्हणतात हो. पण तिकडचा माणूस दार उघडं टाकून तुमची वाट बघत बसेल. तिकडे निघताना कोमेन नाही, गेहेन. इश् गेहं. म्हणा बघू." त्याने म्हटलं नाही. जीभ वळेना. दातांच्या धंद्यातला माणूस तो, कुठल्या अक्षराला जीभ कुठे टेकते ते त्याला चांगलं ठाऊक होतं, त्यामुळे जीभ वळेना हे कारण काही खरं नव्हतं. बायको मात्र शेजारी बसून तोंडावर हात धरून हसत होती, आणि तिने ते लगेच उचललं. तशी ती पहिल्यापासूनच चटपटीत.

चटपटीत होती म्हणूनच तर निवड झाली. रुग्णालयात सगळं जग तिला सिस्टर म्हणतं. वॉर्डातले म्हातारे, मुकादम, गल्लीतला किराणावाला, झाडून सगळे. एकदा तर मेहुण्यासमोर त्याच्याही तोंडून "सिस्टर, पाणी आण" निघून गेलं होतं आणि त्यावरून घरात वर्षभर पुरेल एवढी चेष्टा झाली होती. या सिस्टरला तिकडच्या एका मोठ्या रुग्णालयाने बोलावलं. तिच्या वॉर्डातल्या चौघींना बोलावलं. थंडी सुरू झाली की निघायचं. नवऱ्याला बरोबर न्यायचं असेल तर नवऱ्याला तिथली भाषा निदान नाव-गाव सांगण्यापुरती आली पाहिजे, परीक्षा पास झाली पाहिजे, असा नियम. म्हणून संध्याकाळी दोघं मिळून या वर्गाला येत. छापखान्याच्या वरची लांबट खोली, शाळेतून काढून टाकलेले बाक, खालून यंत्राची धडधड. पहिल्याच दिवशी बाईंनी फळ्यावर "मी"साठीचा शब्द लिहिला आणि म्हणून दाखवला, "इश्." त्याने तो म्हटला आणि मागच्या बाकावरून कुणीतरी लाजल्यासारखं करून "इश्श" केलं. तेव्हापासून तो नुसता उभा राहिला तरी वर्ग हसायच्या तयारीत असायचा. त्यालाही त्याचं काही वाटत नसे. या वयात आपल्यामुळे चार माणसं हसतात, वाईट काय आहे त्यात.

कप तसाच ठेवून तो कामावर गेला. काम म्हणजे एका दातांच्या दवाखान्यामागची खोली, खिडकीशी लाकडी टेबल, आणि टेबलावर जबडे. डॉक्टर लोकांच्या तोंडाचे ठसे पाठवतात, तो त्यात प्लास्टर ओततो, त्यावर मेण चढवतो, मेणात दात बसवतो, आणि मग त्याची कवळी करतो. आसपासचे लोक त्याला कवळीवाला म्हणतात. त्याला तोंडं कळतात, माणसं फारशी कळत नाहीत, असं तो स्वतःच म्हणतो. त्या दिवशी त्याने एका वरच्या जबड्यात पुढचे दोन दात बसवले आणि ते फार सरळ वाटले म्हणून काढून पुन्हा बसवले. अगदी सरळ दात खोटे दिसतात. एक जरासा पुढे, एक जरासा कलता, असं केलं की मग माणूस हसला तर आपलं हसल्यासारखं वाटतं. हे त्याला तिने शिकवलं होतं. लग्नानंतर पहिल्यांदा ती या खोलीत आली, कवळ्यांची रांग पाहिली आणि म्हणाली, "सगळ्यांचं हसू एकसारखंच कसं हो?" तेव्हा ती नुकती कामाला लागली होती, रात्रपाळी करून थेट इकडे आली होती, डोळे तांबारलेले. इथल्या रसायनाचा उग्र वास तिला मुळीच खटकला नाही. म्हणाली, आमच्याकडे याहून वाईट असतो. मग दोघं हसले होते. त्यानंतर किती गोष्टी झाल्या. मुलगी झाली, मोठी झाली, शिकायला दुसऱ्या गावी गेली. त्याचे वडील अंथरुणाला खिळले, आणि दिवसभर लोकांचं करून आलेल्या या बाईने घरी येऊन त्यांचं केलं, त्यांचे दात घासले, नखं कापली, शेवटी शेवटी त्यांच्या शिव्याही खाल्ल्या. तो दिवसा बाहेर, ती रात्री बाहेर. किल्ली शेजारी ठेवायची. तिने डब्याखाली चिठ्ठी ठेवायची, त्याने ती वाचून चिठ्ठीच्याच मागच्या बाजूला उत्तर लिहायचं. तक्रार अशी कुणाचीच नव्हती. संसार सुरळीत चालला होता, फक्त त्यात दोघं एका वेळी क्वचित सापडत.

बाई म्हणायच्या, सध्या फक्त वर्तमानकाळ. झालं गेलं ते पुढच्या पातळीवर, आत्ता जे आहे तेवढंच बोला. त्याला ते आधी फार आवडलं. मी राहतो, मी काम करतो, मी चहा पितो. वाक्यं कशी स्वच्छ. नंतर मात्र त्याला त्या वाक्यांची धास्ती वाटायला लागली, कारण मागचं सगळं काढून घेतल्यावर आपल्या हातात वर्तमानकाळात उरतं तरी काय. मी राहतो. कुणाबरोबर? ती राहते. कुठे? ती जाते. इथपर्यंत वाक्यं आपोआप येत आणि तिथे येऊन थांबत. हे जायचं पक्कं झालं त्या दिवशी तो भाजी निवडत बसला होता. ती आत आली, उभ्या उभ्याच सांगितलं, आणि त्याच्याकडे बघत राहिली. त्याला वाटलं, आता आपलं तोंड पडलेलं दिसता कामा नये. म्हणून तो हसून म्हणाला, "अगं जा की मग. सुखाने जा. मी माझं बघतो." चांगलंच बोलला होता तो, त्याच्या मते. मोठ्या मनाने. ती पाणी प्यायली, आणि मग आतल्या खोलीत जाऊन तिने बहिणीला फोन लावला. भिंतीतून तिचा आवाज येत होता: "हो, आम्ही जातोय. पक्कं झालं. आम्ही चौघी." आम्ही. शेंगा निवडता निवडता त्याने तो शब्द चांगला चघळून पाहिला. आम्ही म्हणजे ऐकणारा सोडून बाकीचे. तो बाजूच्या खोलीत होता, म्हणजे मोजलाच तर सोडलेल्यांतच. अर्थात ती बहिणीशी बोलत होती, त्याच्याशी नव्हे. हेही त्याने स्वतःला सांगून पाहिलं.

पण पुढे वर्गात बाईंनी "आम्ही" काढलं तेव्हा त्याच्या मनातली ती शेंग पुन्हा वर आली. बाईंनी फळ्यावर लिहिलं, "वीर". मागच्या बाकावरच्यांनी छाती पुढे काढली. "वीर म्हणजे आम्ही," बाई म्हणाल्या. त्याने हात वर केला. "आम्ही की आपण?" बाईंना प्रश्न कळला नाही. तो म्हणाला, "म्हणजे बघा, आम्ही जेवायला चाललोय असं मी तुम्हाला म्हटलं तर तुम्ही घरी बसायचं. आपण जेवायला चाललोय म्हटलं तर तुम्हीही चला. तर हे वीर कुठलं?" बाई जरा थांबल्या. मग म्हणाल्या, "दोन्ही. त्यांच्यात एकच शब्द." "मग समोरच्याला कळतं कसं, की आपल्याला धरलंय का नाही?" "कळतं हो काका, बोलण्यावरून." तो बसला. शेजारी बायको पेन्सिलीचं टोक चावत पुढचं वाक्य जुळवत होती, आणि तिची पाळी आली तेव्हा तिने ते खणखणीत आवाजात म्हटलं: आम्ही थंडीत तिकडे जातो. किंवा आपण थंडीत तिकडे जातो. वीर. बाई म्हणाल्या, छान. तो तिच्या तोंडाकडे बघत होता, पण तिच्या तोंडावरून त्याला काही कळलं नाही. भले कवळीवाला असो.

त्या इश् गेहंच्या दिवशी ती लवकर घरी आली. म्हणाली, "चला, उजळणी करू." जेवणाच्या टेबलाशी ती एका बाजूला, तो एका बाजूला. तिने विचारायचं, त्याने सांगायचं. पुस्तकात होतं, "वास माख्स्ट दू?" म्हणजे तू काय करतोस. ती म्हणाली, "मी आपलं झी घेते हो. दू नको. तुम्हाला तू म्हणायचं म्हणजे काहीतरीच." "पुस्तकात तू आहे." "असू दे पुस्तकात." मग तिने अदबीने विचारलं, आपण काय करता, आणि त्याने सांगितलं, मी दात करतो. ती हसली. त्याने वास या शब्दावरून हाताचा वास घेतल्यासारखं करून दाखवलं, तेव्हा ती पुन्हा हसली आणि खरोखरच त्याचा हात ओढून घेऊन तिने हुंगला. "अजून तोच आहे," ती म्हणाली. हात सोडायला तिला थोडा वेळ लागला, किंवा त्याला तसं वाटलं. टेबलावर दिव्याचा गोल उजेड होता, तिच्या कानामागे पांढरी झालेली बट होती, आणि त्याला एकदम इतकं भरून आलं की आत्ता विचारून टाकावं असं वाटलं: सकाळी येते का म्हणाली नाहीस? मी येऊ का नको? तुला मी तिकडे हवाय का? एवढी साधी तीन वाक्यं, आणि पहिलं सोडलं तर सगळी वर्तमानकाळातली. पण त्याच वेळी तिने मान मागे टाकून डोळे मिटले, आणि तिचा थकलेला चेहरा त्याला दिसला. जन्मभर कुणाचं ना कुणाचं करत आलेल्या बाईचा. त्याच्या मनात आलं, हिला कदाचित एकदा तरी अशी खोली हवी असेल जिथे ती दार उघडून आत शिरेल आणि आत कुणीच नसेल. कुणाला काही हवं नसेल. भिडेपोटी ती आपल्याला नको म्हणणार नाही. नियम आहे म्हणून वर्गाला घेऊन येते, पास झालो तर घेऊनही जाईल, आणि मग तिथेही आपलं करत बसेल. तो म्हणाला, "पुरे आज." ती म्हणाली, "का हो? बरं चाललंय की." "डोकं चालत नाही माझं. या वयात कसली भाषा." तिने डोळे उघडले, त्याच्याकडे पाहिलं, आणि पुस्तक मिटून ठेवलं.

मग त्याने ठरवलं. नापास व्हायचं, असं नाही. तेवढी नाटकं त्याला जमली नसती. वर्गच सोडायचा. परीक्षेला बसलोच नाही म्हणजे तिला काही ठरवावं लागणार नाही, आणि नको म्हटल्याचं ओझंही तिच्यावर राहणार नाही. हे ठरवल्यावर त्याला हलकं वाटेल असं वाटलं होतं. वाटलं नाही. त्याला ती हवी होती. सकाळचा तिचा आवाज हवा होता, चिठ्ठ्या हव्या होत्या, तिने एका बाजूला लोटून ठेवलेले आणि त्याने पुन्हा सरळ केलेले पडदे हवे होते, आणि कुणाला तरी सांगायचं म्हणून त्याने वर्गातल्या त्याच्या जोडीदाराला सांगितलं. जोडीदार म्हणजे संवादाच्या सरावाला बाईंनी जोडून दिलेला एक आचारी, भला माणूस, तिकडे एका हॉटेलात नोकरी मिळायच्या खटपटीत असलेला. जिन्यात त्याला गाठून तो म्हणाला, "उद्या माझा शेवटचा वर्ग. परीक्षेला बसत नाही मी. घरी बोलू नका हं." आचाऱ्याने गळ्याची शपथ घेतली. आता आचाऱ्याच्या तोंडात तीळ भिजत नाही हे अख्ख्या वर्गाला माहीत होतं, फक्त कवळीवाल्याला नव्हतं.

शेवटच्या वर्गाला तो इस्त्रीचा सदरा घालून गेला. बाईंनी त्या दिवशी क्रियापदांची एक नवी तऱ्हा काढली. म्हणाल्या, यांची काही क्रियापदं दोन तुकड्यांची असतात. अर्धं वाक्याच्या सुरुवातीला येतं आणि उरलेला एवढासा तुकडा पार शेवटी जाऊन बसतो, आणि तो तुकडा ऐकल्याशिवाय अर्थ लागत नाही. उदाहरण म्हणून त्यांनी येण्याचं क्रियापद घेतलं आणि फळ्याच्या कडेला एकाखाली एक तीन तुकडे लिहिले. आन लावलं तर पोचतो. त्सुरुक लावलं तर परत येतो. मिट लावलं तर बरोबर येतो. "म्हणून यांचं बोलणं शेवटपर्यंत ऐकायचं," त्या म्हणाल्या, "मध्येच मान डोलवायची नाही." मग त्यांनी सगळ्यांना आपापल्या शेजाऱ्याची ओळख करून द्यायला सांगितलं. तो नेहमीसारखा बायकोजवळ बसला होता. दोघांमध्ये बाकावर तिची पर्स होती.

आधी त्याची पाळी. तो उभा राहिला, वर्ग हसायच्या तयारीत सरसावला, पण ओळख दुसऱ्याची असल्यामुळे इश् म्हणायची वेळच आली नाही. ही माझी बायको, त्याने सांगितलं. ती रुग्णालयात काम करते. ती भाजी आणते. ती कमी झोपते. एवढं झाल्यावर त्याचे शब्द संपले आणि त्याला स्वतःचीच लाज वाटली; इतक्या वर्षांची बायको, आणि क्रियापदं तीन. बाई म्हणाल्या, "अजून एक." तो विचार करत राहिला. त्याला आठवलं ते असं, की कामावरून आल्यावर ती पर्ससुद्धा न काढता थोडा वेळ खिडकीशी उभी असते. रोज. तो घरात असला तर ते बघतो आणि आवाज न करता आतच थांबतो. उभं राहणं त्याला येत होतं, खिडकीही येत होती. "झी श्टेट आम फेन्स्टर," तो म्हणाला. ती खिडकीशी उभी राहते. बाईंनी विचारलं, "वारुम?" का? त्याने सरळ आपल्या भाषेत सांगितलं, "ते मला माहीत नाही. मी कधी विचारलं नाही." बायकोने वर पाहिलं. तो खाली बसला.

मग ती उठली. हा माझा नवरा. तो दात करतो. थोडा हशा झाला. तो फार बोलत नाही. आणखी हशा, त्यात आचाऱ्याचा सगळ्यांत मोठा, आणि मग आचारी एकाएकी गप्प झाला आणि खिडकीबाहेर बघायला लागला. ती बाकाची कड धरून उभी होती. वॉर्डात दहा माणसांना एका आवाजात गप्प करणारी बाई, पण बोटं पांढरी पडली होती. "एर कोम्ट," ती म्हणाली. तो येतो. आणि थांबली. खालचं यंत्र धडधडत होतं. कवळीवाल्याने फळ्याच्या कडेकडे पाहिलं. कोम्ट म्हणजे अजून काहीच नाही. "इम विंटर," ती म्हणाली, थंडीत, आणि पुन्हा थांबली. सोडायला येतो आणि परत येतो, असंही होऊ शकत होतं. तेच तर तो ठरवून बसला होता. तरी आपण काय ठरवलंय याच्याशी आपल्याला काडीचं देणंघेणं नाही, आपल्याला फक्त त्या तिसऱ्या तुकड्याची आशा आहे, हे त्याला लख्ख कळलं. बाई काही सुचवायला निघाल्या होत्या, पण त्याही थांबल्या. ती फळ्याकडे बघत नव्हती. ती त्याच्याकडे बघत होती.

"मिट," ती म्हणाली.

बाई म्हणाल्या, "छान, अगदी शेवटी टाकलंत." ती बसली. बसता बसता वर्गाला ऐकू जाणार नाही अशा बेताने, पुढे बघतच म्हणाली, "आचारी सांगत होते, तुम्ही सोडताय." त्याने आचाऱ्याकडे पाहिलं. "तुम्हाला यायचं नसलं तर तसं सांगा हो. मला वाटलं होतं, तुम्ही म्हणाल, मी येतो. पहिल्याच दिवशी म्हणाल असं वाटलं होतं." तिचा आवाज नीट लागत नव्हता. "चौघी असलो म्हणून काय झालं. संध्याकाळी मी कुणाशी बोलू तिकडे? येणार ना?"

"वर्गात कुजबुज नको," बाई म्हणाल्या. "काय असेल ते तिकडच्या भाषेत, आणि पूर्ण वाक्यात."

तो उभा राहिला. कुणीतरी हळूच इश्श म्हणालं, पण हसलं कुणी नाही. त्याने वाक्य मनात एकदा जुळवून पाहिलं. कर्ता मी म्हणजे क्रियापदाचं शेपूट बदलायचं, तुकडा मात्र तोच. मग त्याने "इश् कोमं" म्हटलं, आणि शेवटचा तुकडा तोंडात असताना तिच्याकडे पाहिलं, आणि तो म्हणून टाकला. बाईंनी दुरुस्त करण्यासारखं त्यात काही नव्हतं. तो खाली बसला तेव्हा तिने मध्ये ठेवलेली पर्स उचलून पलीकडच्या बाजूला ठेवली आणि ती त्याच्याकडे सरकून बसली.